बेळे सर आणि खुन्यांचं घराणं

“औषध म्हणू नका त्याला! खुनी आहे तो, खुनी! हातात धरून उभे आहात आणि कोणाचा खून करायला निघालात तेच तुम्हाला ठाऊक नाही!”

बेळे सर माझ्या दुकानाच्या काउंटरमागे उभे राहून ओरडत होते आणि समोर एक गरीब टोमॅटोवाला शेतकरी औषधाचा डबा छातीशी धरून थरथरत होता. बाहेर निम्म्या पंचवटीची वाहतूक थांबली. नाक्यावरचा हवालदार काठी सावरत आत आला आणि बॉडी कुठे आहे म्हणून विचारू लागला. सरांनी त्यालाही बसवून घेतलं. तो बाहेर पडला तेव्हा राजाचा खून, भावाचा खून, आईचा खून आणि बुरशीचा खून या चारही गुन्ह्यांची इंग्रजी नावं त्याला मुळासकट पाठ झाली होती, आणि त्याची ड्यूटी संपली होती.

नव्वदच्या दशकात माझं शेतीऔषधांचं दुकान होतं. सरांनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे तिसऱ्या वेळेला पास केलं. रिटायर झाल्यावर घरात त्यांना विद्यार्थी उरला नाही. काकूंनी काही दिवस सोसलं, मग एके सकाळी त्यांच्या हातात छत्री देऊन दार लावून घेतलं. सर सरळ माझ्या दुकानात आले. “पाच मिनिटं टेकतो रे सुधाकर,” म्हणाले. ती पाच मिनिटं नऊ वर्षं चालली.

सरांचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. त्यांचे चुलतभाऊ लाल बासनातल्या वह्या उघडून कुठल्या कुठल्या यात्रेकरूंना त्यांच्या खापरपणजोबांची नावं काढून दाखवायचे. सरांनी ती गादी सोडली, पण खोड सोडली नाही. माणसांच्या वंशावळी सांगायच्या त्या त्यांनी शब्दांच्या सांगितल्या. आणि माझ्या दुकानात तर त्यांना एक अख्खं कुळच फळीवर मांडून ठेवलेलं सापडलं.

“आडनाव बघा, आडनाव,” हे त्यांचं पालुपद. पेस्टिसाईड, फंजीसाईड, इन्सेक्टिसाईड, हर्बीसाईड. साईड हे आडनाव. मूळ गाव रोम. तिथे ‘केडेरे’ म्हणजे कापणं, ठार मारणं. त्याची ही औलाद. “सगळं घराणं मारेकऱ्यांचं. पहिलं नाव फक्त कोण मेलं ते सांगतं.” रेजिसाईडमध्ये राजा मरतो. फ्रॅट्रिसाईडमध्ये भाऊ मरतो, आणि तो फ्रॅटर म्हणजे आपल्याच भ्रात्याचा लांबचा नातेवाईक. मॅट्रिसाईडमध्ये आपली माता. इन्सेक्टची तर त्यांना दया यायची. त्या शब्दाचाच अर्थ म्हणे खाचा पाडलेला, कापलेला. “आधीच कापलेल्याला पुन्हा मारायचं. काय हे क्रौर्य,” असं म्हणून ते तुडतुड्यांसाठी हळहळायचे आणि गिऱ्हाईक डबा परत ठेवून जायचं.

या घराण्यातला सगळ्यात माहितीचा शब्द मात्र त्यांनी माझ्या दुकानात एकदाही उच्चारला नाही. अशा दुकानात तो काढायचा नसतो, एवढं त्यांना कोश न उघडता कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

माझं गिऱ्हाईक पांगायला लागलं. लोक सायकल लांब लावायचे आणि कोपऱ्यावरून मला खुणेने विचारायचे, आहेत का? मी मान हलवली की माणूस समोरच्या दुकानात. त्या समोरच्याने एका गुरुपौर्णिमेला सरांना शाल आणि श्रीफळ दिलं. सरांना भरून आलं. “विद्यार्थी नसूनही जाण आहे बघ,” मला म्हणाले.

मी त्यांना हाकलून का दिलं नाही, असं आता सगळे विचारतात. सर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे विचारणं सोपं आहे. एकदा मी तयारी केली होती. खुर्चीच माळ्यावर टाकून दिली. सर आले, इकडेतिकडे बघितलं आणि युरियाच्या गोणीवर जाऊन बसले. वरून मलाच म्हणाले, “खुर्ची दुरुस्तीला दिलीस वाटतं. बरं केलंस.”

त्यांची लाडकी शिष्या म्हणजे मखमलाबादची हिराबाई. तिचा अर्धा एकर झेंडू. सरांनी ‘फंजीसाईड?’ म्हटलं की ती पिशवी खाली न ठेवता ‘बुरशीचा खून’ म्हणून टाकायची. ‘हर्बीसाईड?’ ‘गवताचा खून.’ सर माझ्याकडे वळायचे, “तीन वर्षं वाया घालवलीस माझी. ही बघ. एकदा सांगितलं की झालं.”  हिराबाई पदर खोचायची आणि औषध घेऊन निघायची.

एका वर्षी दसऱ्याला आठ दिवस असताना तिच्या झेंडूवर बुरशीचा करपा आला. दसऱ्याचा झेंडू दुसऱ्या दिवशी गाईसमोर टाकायच्या लायकीचा असतो. तिचं वर्ष त्या एका दिवसावर उभं. त्या दिवशी नेमका मी द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अडकलेला माल सोडवायला गेलो होतो. सरांना बजावलं होतं की फळीला हात लावायचा नाही, फक्त बसायचं.

परत आलो तर सर फुलले होते. एक गिऱ्हाईक केलं म्हणाले. हिराबाई आली होती, करपा म्हणाली, त्यांनी तिला योग्य ते दिलं. देता देता रोमपासून सगळं पुन्हा सांगितलं, आणि बाईने पापणी लवू दिली नाही. मी फळीकडे बघितलं. बुरशीनाशकाचे डबे रांगेत जसेच्या तसे. खालच्या फळीवरचा तणनाशकाचा एक डबा गायब.

“सर,” मी म्हणालो, “तुम्ही तिला हर्बीसाईड दिलंत.”

सरांचा चेहरा मी शाळेत असल्यापासून पाहत होतो. इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. हळूच म्हणाले, “हर्बा. म्हणजे वनस्पती.” मग आणखी हळू, “झेंडू वनस्पतीच.”

मी स्कूटर काढली तर सर आधीच मागे बसलेले. उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही, हे मी त्यांना ओरडूनच सांगितलं. बरोबर आहे, म्हणाले. मखमलाबाद येईपर्यंत माझी पाठ दोन्ही हातांनी धरून बसलेला तो माणूस एक अक्षर बोलला नाही. माझ्या हिशेबाने पृथ्वीवर एवढी शांतता त्याआधी फक्त माणूस निर्माण व्हायच्या आधी असेल.

वळणावरून शेत दिसलं. हिराबाई पाठीवर पंप घेऊन निम्म्या शेतात पोचली होती. फवारा चालू. झेंडू नुसता पिवळाधमक, आणि त्यावर ते पांढरं धुकं. मी स्कूटर थांबवायच्या आत सरांनी उडी मारली. सत्तरीचा माणूस पाण्याची चारी ओलांडून, एक चप्पल चिखलात सोडून धावला आणि जाऊन त्याने फवाऱ्याची नळी दोन्ही हातांनी धरली. अंगभर औषध उडालं.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले. “मी गवताचं दिलं. सगळं मरणार आता.”

हिराबाईने पंप बंद केला आणि बांधाकडे मान उडवली. तिथे आमचा डबा होता. झाकणाचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं. पंपातलं औषध तिने जावेकडून मागून आणलं होतं. आमचा डबा दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात यायच्या आधी बदलून नेणार होती.

सर मटकन सरीत बसले. झेंडूची दोन झाडं त्यांच्या वजनाने मोडली. त्या दिवसाचं नुकसान तेवढंच. घाम पुसला, धाप कमी झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्यातला मास्तर चिखलातून पुन्हा उगवायला लागला.

“सुधाकर, बघ,” ते म्हणाले. “हिने ओळखलं. डब्यावरचं नाव वाचलं, आडनाव सोडून पहिलं नाव बघितलं, आणि वाचली. बाई, अक्षरन् अक्षर आठवलं ना तुम्हाला?”

“मला वाचता येत नाय, मास्तर,” हिराबाई म्हणाली. “बांधावरच्या गवताला हाच डबा मारते मी. तुमी हातात दिला तवाच वळखला.”

 अगदी बारीक आवाजात सरांनी विचारलं की मग तिथल्या तिथे सांगितलं का नाही.

हिराबाईने पंप पुन्हा पाठीवर घेतला.

“मधी बोललं की तुमी परत पयल्यापासून सुरू करता. माझी बस जात व्हती.”