सुजलेली बॅटरी आणि पोळ्याचं आवतन

आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा प्रशिक्षणाच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की हे खेळणं नाही, लहान असलं तरी विमान आहे. त्यानंतर मात्र ते विमानाबद्दल कमी आणि बॅटरीबद्दलच जास्त बोलले. गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आपटली की तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि फुगली तर तिचं आयुष्य संपलं असं समजून लांब वाळूत ठेवायची, कारण लिथियम एकदा पेटलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सासूबाई उभ्या राहिल्या.

सावली तालुक्यातलं आमचं गाव धानाचं. नवरा बल्लारपूरला कामाला असतो, रविवारी येतो. बैलांचं करायला घरात माणूस उरला नाही म्हणून आम्ही उन्हाळ्यात जोडी विकली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच गोठ्यात ड्रोन आला. बैल गेले आणि हा आला, एवढंच सासूबाईंनी पाहिलं. माझ्याशी त्या नीट वागायच्या, पण ड्रोनचं नाव निघालं की तोंड फिरवायच्या. एकदाच काय ते बोलल्या, "त्यानं घरात काई विपरीत केलं, तं ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापस करजो."

मला ते काम सोडायचं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून मी या गावात कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको होते. आता लोक दारात येऊन विचारायचे, ड्रोनवाली बाई आहे काय. ते ऐकायला मला फार आवडायचं.

ड्रोन हवेत उडतो हे खरं, पण धानाच्या बांधीपर्यंत, म्हणजे शेताच्या तुकड्यापर्यंत, त्याला आपणच न्यायचं असतं. गटातली जोडीदारीण ड्रोन सांभाळायची आणि बॅटऱ्यांची जड पिशवी माझ्या खांद्यावर. दोन बांध्यांमधल्या चिखलाच्या अरुंद धुऱ्यावरून तोल सांभाळत जायचं आणि पोचल्यावर शेतमालकांशी वाद घालायचा. बॅटरी गरम आहे, जरा निवू द्या म्हटलं की ते म्हणायचे, मशीनले का ताप येते? तुडतुडे धान खाऊन राह्यले आणि तू सावलीत बसून राह्यली. लाजेकाजेने मीही कधीकधी गरम बॅटरी चार्जरला जोडायची.

पोळा चार-दोन दिवसांवर आला आणि एका बॅटरीची कूस टम्म फुगली. मी नियमाप्रमाणे ती घमेल्यात वाळूवर ठेवली. बाहेर पावसाची झड, म्हणून गोठ्यातलं धानाचं वाळलेलं तणस काढून टाकलं आणि घमेलं मोकळ्या जमिनीवर ठेवलं. तिला हात लावू नका असं सासूबाईंना सांगितलं. ती जागा थोरल्या बैलाची होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याला हळद-तूप लावायचं, गरम पळसपानाने शेकायचं आणि सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सासूबाईंनी लग्नानंतर एकही वर्ष हे चुकवलं नव्हतं. त्या वर्षी आवतन द्यायला दावणीला कोणीच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेतातून आले तर गोठ्यात उजेड दिसला. सासूबाई घमेल्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी शेगडी रसरसलेली, वाटीत हळद घातलेलं तूप. पळसाचं पान निखाऱ्यावर धरायच्या आणि बॅटरीच्या फुगलेल्या अंगावर दाबून धरायच्या, अगदी मायेने. सरांनी धोक्यांची एवढी मोठी जंत्री सांगितली होती, पण सासू त्यात नव्हती.

"बाई, उठा," मी म्हटलं.

"थांब. खांद सुजली बिचाऱ्याची. सूज उतरू दे."

तेवढ्यात बॅटरीतून सूं असा आवाज आला. मी त्यांना काखेत हात घालून उचललं आणि ओढत अंगणात आणलं. मागे पांढऱ्या धुराचा लोट निघाला, मग भडका. तो धूर नाकात जाऊ द्यायचा नाही हे सरांचं वाक्य आठवलं, म्हणून वाऱ्याची दिशा बघून दोघी विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिलो. बॅटरी फुसफुसत, ठिणग्या उडवत जळत राहिली. टिनाचं छत काळं झालं, घमेलं वाकलं, तुपाची वाटी गेली. सासूबाईंचा पदर होरपळला आणि एक भुवई निम्मी उरली.

"मेला वं, माह्या हातानं मेला," असं त्या एकसारखं म्हणत होत्या. ते ऐकून शेजारीण डोक्यावर पदर घेऊन, रडवेलं तोंड करूनच आली. कोण गेलं ते तिला समजावून सांगेपर्यंत माझी पुरेवाट झाली.

ती गेल्यावर मात्र मी सासूबाईंना वाट्टेल ते बोलले. जळून गेल्या असत्या तर तुमच्या लेकाला काय सांगितलं असतं मी, असंही बोलले. त्या होरपळलेला पदर चाचपत होत्या. आता म्हणतील, वापस कर, म्हणून मी वाट पाहत राहिले.

त्यांनी मात्र विचारलं, "ते सुजलं काऊन पण?"

मी सांगितलं. तापलेली असताना चार्जिंगला लावली, लोक थांबू देत नाहीत.

"तापल्यावर जुंपलं त्याले?" मी मान हलवली. "मंग लोकायचं मी पाहून घेतो."

वापस करायचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही. पोळा झाल्यावर मी शेतात निघाले तर सासूबाई छत्री घेऊन माझ्या आधी रस्त्याला लागलेल्या. तेव्हापासून त्या धुऱ्यावर बॅटऱ्यांपाशी बसतात, उलट्या हाताने एकेकीचं अंग चाचपतात आणि नाही म्हणाल्या की ती बॅटरी लावायची माझीही टाप नाही. एखादा शेतमालक घाई करायला लागला की विचारतात, "सुजल्या खांद्याचा बैल तू जुंपतं काय?" मग तोही छत्रीखाली येऊन बसतो.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा शेगडी पेटवली. मी धावत जाऊन सगळ्या बॅटऱ्या उचलल्या आणि थेट समाजमंदिरात ठेवून आले. परत आले तर त्या शेगडीपाशी हसत बसलेल्या. "त्याले नाई, तुले शेकाचं हाय," म्हणाल्या आणि हाताला धरून मला खाली बसवलं.

पिशवीच्या पट्ट्याने माझ्या खांद्यावर वळ पडला होता. मी कधी दाखवला नव्हता, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी हळद-तूप लावलं, पळसाचं पान आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावर दाबून धरलं.

"आज आवतन घे," त्या म्हणाल्या, "उद्या जेवाले ये."

मी त्याच घरात राहते, रोज त्याच चुलीवरचं जेवते. तरी येते म्हणून सांगितलं.