सुभेदारांच्या क्लासमधलं इंजिन

इंजिन चेन-पुलीला लटकलेलं होतं आणि बॉनेट काही बंद होत नव्हतं. दोन इंच कमी पडत होते. मी तिसऱ्यांदा टेप लावला, जणू मधल्या पाच मिनिटांत लोखंड आकसणार होतं.

आमचे मालक प्रकाशजी पोह्यांची प्लेट घेऊन मागे उभे होते.

"अरे भिया, टेन्शन क्या ले रिये हो? बॉनेट कापू, वरून फुगीर स्कूप लावू. स्पोर्टी दिसेल."

"कापाकापी करायची नाही असं ताईंनी लिहून घेतलंय," मी म्हणालो.

"मग आता इंजिन कापता का?"

इंजिन खाली उतरवलं आणि मीही पोहे मागवले.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचं काम चालतं. मी तिथला वर्क्स मॅनेजर. ही गाडी होती शालिनीताई मोऱ्यांची. विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची, बाटलीच्या हिरव्या रंगाची. ताईंचे वडील संस्थानाच्या मोटारखान्यात अधिकारी होते. संस्थान गेलं, मोटारींचं वेड राहिलं. त्या वेडातून त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून ही घेतली. ताई सतराव्या वर्षी हिच्यावर गाडी चालवायला शिकल्या. आज त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि स्नेहलतागंजात एकट्या राहतात.

पुढे घरातल्या कुणा हिशेबी माणसाने पेट्रोल परवडत नाही म्हणून गाडीत डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी आमच्याकडे ही साथच होती. चांगली पेट्रोल गाडी दिसली की तिच्यात डिझेल इंजिन ठोकायचं. त्यासाठी बॉनेटही कापलं. गाडी इतकी थरथरायची की ताईंचा चष्मा नाकावरून घसरायचा. त्यांनी ती चालवणं सोडलं आणि गाडी अनेक वर्षं शेडमध्ये पडून राहिली. आमच्याकडे आणण्याआधी ताईंनी एका चांगल्या डेंटरकडून बॉनेट सांधून घेतलं होतं. म्हणून ती अट.

दुसरी अट ताईंच्या मुलाची होती. निखिल बंगळुरूला असतो. मुलगा वाईट नाही, पण आई या वयात उघड्या गाडीत बसणार या विचारानेच त्याला घाम फुटायचा. त्याने दिल्लीचा एक ग्राहकही शोधून ठेवला होता. शेवटी मायलेकांचं ठरलं: दसऱ्याला ताईंनी स्वतः गाडी चालवत घरी आणली तर गाडी राहील, नाहीतर जाईल. दसऱ्याला आता सात आठवडे उरले होते.

ते लटकलेलं इंजिन जपानी होतं आणि निवड माझीच होती, हे कबूल करतो. एका अपघातग्रस्त सेडानचं, फार न चाललेलं, ताकद भरपूर. कागदावर सगळं छान होतं. पण नवी इंजिनं उंच असतात. शिवाय त्यांच्याबरोबर कॉम्प्युटर येतो आणि वायरींचं जंगल येतं. विलायतेतून मूळ इंजिन मागवायचं तर ते दिवाळीनंतरच पोहोचणार होतं.

त्या दुपारी मी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, रॉकेलने पुसत बसलो. हाताला काम असलं की माझं डोकं शांत होतं. डिझेल इंजिनाचे ब्रॅकेट काढल्यावर खाली मूळ ब्रॅकेट दिसले, ज्यांवर पहिलं इंजिन टेकायचं. मी सहज अंगठा एका भोकावर आणि करंगळी दुसऱ्यावर ठेवली आणि तसाच थांबलो. हे माप माझ्या हाताला माहीत होतं.

माझी उमेदवारीची पहिली नऊ वर्षं टॅक्सी स्टँडशेजारच्या गॅरेजात गेली. तिथे एकच गाडी यायची, अँबेसेडर. तिचं इंजिन मी इतक्यांदा उतरवलंय की झोपेतही उतरवीन. ताईंची गाडी बनली त्या काळी विलायतेत एकच इंजिन अनेक गाड्यांत घालत. घरगुती गाडीत साधं, स्पोर्ट्स गाडीत तेच जरा तिखट करून, एकाऐवजी दोन कार्बोरेटर लावून. त्यातलं साधं आपल्या अँबेसेडरमध्ये आलं. म्हणजे दोन्ही इंजिनं सख्खे भाऊच. हे मी कधीतरी वाचलंही होतं, पण ऐन वेळी डोकं जपानी ताकदीत अडकलेलं होतं. मी एकटाच मोठ्याने हसलो. तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव, आणि उत्तर पहिल्या नोकरीत ठेवलेलं.

प्रकाशजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"टॅक्सीचं इंजिन? स्पोर्ट्स कारमध्ये? भिया, इंदूरमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ताईंना सांगायची मलाही लाज वाटत होती. फोनवर मी बरंच गोलगोल बोललो. त्याच घराण्यातलं इंजिन आहे, स्वभाव तोच आहे, वगैरे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अँबेसेडरचंच ना?" त्या म्हणाल्या. "बाबा हिचे पार्ट तिथलेच तर आणायचे. वॉटर पंप, गॅस्केट, सब कुछ. जुने दोन्ही कार्बोरेटर माझ्याकडे खोक्यात आहेत, पाठवू का?"

"ताई, हे आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं कुठे, वसंतजी? तुम्ही मला फक्त सीटकव्हरचा रंग विचारलात."

खरंच मी तेवढंच विचारलं होतं. फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते, पण मनातली एक मोठी गाठ सुटली होती.

आता चांगलं इंजिन हवं होतं. मी कबाड्यांकडे पाच इंजिनं पाहिली. सगळ्यांचे सिलिंडर झिजलेले. सिलिंडर म्हणजे ज्या नळीत पिस्टन वरखाली पळतो ती. झिजली की ती थोडी रुंद करून मोठा पिस्टन घालतात, पण हे किती वेळा करायचं याला मर्यादा असते. ही पाचही ती ओलांडून गेली होती.

सहावं आमच्यापासून दोन गल्ल्यांवर निघालं. सुभेदार वानखेडे महूला फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढून रिटायर झाले आणि परदेशीपुऱ्यात मोटर मेकॅनिकचा क्लास घेऊ लागले. क्लाससाठी त्यांनी अँबेसेडरचं कोरं इंजिन घेतलं, लाल-पिवळं रंगवलं आणि स्टँडवर चढवलं. दर बॅचने ते उघडायचं, मोजायचं, पुन्हा बंद करायचं. त्यात पेट्रोलचा एक थेंबही कधी गेला नव्हता. आता क्लास बंद झाला होता आणि इंजिनावर चादर होती.

मी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडलं. सिलिंडर अगदी नवे. पण बोल्टांचे आटे मेलेले होते. इतक्या हातांनी इतक्यांदा आवळून-सोडून आणखी काय होणार? न चालता म्हातारं झालेलं इंजिन मी पहिल्यांदाच पाहिलं. आट्यांना इलाज असतो. भोक थोडं मोठं करून आत नवे आटे बसवता येतात.

सुभेदार लगेच इंजिन द्यायला तयार झाले, फक्त त्यांची एक अट होती.

"सुरू कराल तेव्हा मला बोलवायचं. मी यावर पोरांना इंजिनाच्या चार पायऱ्या शिकवल्या, सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एग्झॉस्ट. तीन गोष्टी हाताने फिरवून दाखवता आल्या. पेट्रोल पेटल्यावरची पॉवर यात मी कधी पाहिलीच नाही."

महिनाभर आम्ही मान वर केली नाही. आटे केले, गियरबॉक्सला जोडणारी प्लेट टर्नरकडून करून घेतली, ताईंचे कार्बोरेटर धुऊन लावले, आरटीओत नव्या इंजिनाचा नंबर चढवला. बॉनेट एका बोटाने बंद झालं. प्रकाशजींनी ते उगाच चारदा उघडून लावून पाहिलं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी सगळे जमले. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताई सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. मी मान हलवली, त्यांनी स्टार्टर ओढला. इंजिन फिरत राहिलं, पण पेटेना. स्पार्कच येत नव्हता. डिस्ट्रिब्यूटर उघडला. प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने स्पार्क वाटून देणारा हा डबा. कोरा आहे म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता. आतल्या पॉइंटवर, जिथून वीज जाते तिथे, चमकदार काहीतरी होतं. नखाने खरवडलं तर निघालं. नेलपॉलिश.

सुभेदार खाकरले. "ते माझं आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी मुद्दाम फॉल्ट घालून ठेवायचो. पोरांनी शोधायचे. शेवटच्या बॅचनंतर काढायचे राहिले वाटतं."

"अजून किती आहेत?"

"एकूण तीन असायचे. पण कोणते, ते आठवत नाही."

एक मी आटे करताना वॉटर पंपातून काढला होता, चिंध्यांचा बोळा. कुणाचा तरी गलथानपणा समजून मी चार शिव्याही दिल्या होत्या. म्हणजे आता एक उरला. नेलपॉलिश पुसली, ताईंनी पुन्हा स्टार्टर ओढला. कार्बोरेटरमधून असा बार निघाला की प्रकाशजी थेट टेबलाआड गेले. मी वायरींचा क्रम तपासला. एक, तीन, चार, दोन. बरोबर. पुन्हा तपासला, पुन्हा बरोबर. दुसऱ्या दिवशी दसरा होता. निखिलचं विमान सकाळी उतरणार होतं. ताईंची गाडी माझ्यामुळे जाणार, हे मला सहन होईना.

"वसंतजी," ताई सीटवरून म्हणाल्या, "क्रम बरोबर असेल, पण सुरुवात चुकली असेल. बाबांकडून एकदा झालं होतं. अगदी हाच आवाज. चारही वायरी समोरासमोरच्या जागी बदलून बघा ना."

ताईंचं खरं होतं. डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा दांडा अर्धी फेरी उलटा बसला की असं होतं. हाच तो तिसरा फॉल्ट. क्रम तोच राहतो, पण स्पार्क पडायला हवा तेव्हा पडत नाही. मी वायरी बदलल्या.

तिसऱ्यांदा इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आधी जरा अडखळलं, मग घशात गोळी ठेवून गुणगुणावं तसा आवाज लागला. ताईंचा चष्मा जागचा हलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. सुभेदारांनी चालत्या इंजिनाच्या झाकणावर तळवा टेकवला.

"पॉवर," ते हळूच म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी निकाल लावला. "वसंतराव, दहापैकी चार. ताई, नऊ. एक मार्क कापला, परीक्षेत बोलल्याबद्दल."

दसऱ्याला झेंडूचा हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी निघाली. विमानतळावरून थेट आलेला निखिल शेजारच्या सीटवर डॅशबोर्ड धरून बसला होता. घर दहा मिनिटांवर. दोघं दीड तासाने परत आमच्याच दारात आली. ताई घराच्या फाटकापर्यंत गेल्या, अट पूर्ण केली आणि मुलाला विचारलं, अजून एक चक्कर? तो हो म्हणाला. मग दोघं लालबाग राजवाड्यापर्यंत गेली. तिथल्या मोकळ्या जागेत ताईंनी त्याला चालवायला दिली आणि त्याने ती पाच वेळा बंद पाडली.

दिल्लीच्या ग्राहकाला त्याने आमच्या ऑफिसातूनच नकार कळवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, क्लच फार जड आहे. जरा हलका करून द्या."

"क्लच ठीक आहे," ताई मागून म्हणाल्या. "उद्या सकाळी सहाला उठ, शिकवते."

ताकद जपानी इंजिनात जास्त होती, हे मी आजही मानतो. पण आता कुणी इंजिन बदलायला आलं की मी गाडी ज्याला चालवायची आहे त्याला आधी चहा देतो आणि तासभर बोलू देतो. टेप त्यानंतर काढतो.