जावयाचा खाली राहिलेला हात

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, पण निवृत्तीनंतरची ही एक मनातून जात नाही. लिहावी की नाही, याचाही बरेच दिवस विचार केला.

२०१४ साली गणपतीसाठी मी मुलीकडे सिंगापूरला, पुंगोलच्या फ्लॅटवर होतो. ओळखीची मराठी मंडळी जमली होती. शेजारणीने घरची अंगठ्याएवढी चांदीची मूर्ती आणून चौरंगावर तांदळाच्या राशीवर ठेवली होती. उत्तरपूजा झाली, आवराआवर झाली आणि मूर्ती दिसेना.

खबर शेजारणीच्या सात वर्षांच्या मुलाने तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत दिली. "दीदी पुट समथिंग इन हर बॅग, लाह."

दीदी म्हणजे सिंगापूरच्याच वुडलँड्स भागातून मदतीला आलेली विद्यार्थिनी. माझ्यासारखीच, घरातली पहिली कॉलेजात गेलेली.

"बॅगेत काय ठेवलंस?" मी विचारलं.

"काही नाही, काका."

बॅग उघडली. डब्यात चार मोदक होते, न विचारता घेतलेले. मूर्ती नव्हती. पण ती खोटं बोलली होती, आणि मध्ये कचरा टाकायला खालीही जाऊन आली होती. मला तेवढं पुरेसं वाटलं. तिला आतल्या खोलीत बसवलं.

हॉलमध्ये आम्ही नऊ मोठी माणसं. "पोलिसांत तक्रार द्यावी असं वाटतं त्यांनी हात वर करा," असं म्हणून पहिला हात मीच वर केला. आठ हात झाले. जावयाचा खालीच.

"काय जावईबापू, उद्यापासून बाहेर जेवणार वाटतं?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"बाबा, तिने घेतली नाही असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही फक्त तिलाच विचारलंत. आम्हाला कुणालाच नाही. तक्रार झाली तर तिचा स्टुडंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाच, जाऊ शकतो. एकदा चिठ्ठ्या टाकू या."

राग आला, पण चिठ्ठ्या टाकल्या. उघडल्या तर सहांवर 'नको'.

मी सुन्न झालो. पाच मिनिटांपूर्वी एकच हात खाली होता. मग हे बाकीचे पाच जण?

"साहेबांनीच हात वर केला म्हटल्यावर..." एक जण पुटपुटला.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. चौरंग कुणी उचलला? तांदूळ कुणी गोळा केले?

"मी, बाबा," माझी मुलगी म्हणाली. "पूजेचे तांदूळ घरच्या तांदळात मिसळतात म्हणून रुमालात घेऊन तांदळाच्या डब्यात..." वाक्य अर्धं टाकून ती स्वयंपाकघरात गेली. कोपरापर्यंत हात घातल्यावर मूर्ती लागली.

मी आत जाऊन त्या मुलीची माफी मागितली.

"मोदक मैत्रिणींसाठी घेतले होते. सांगायची लाज वाटली, चुकलं माझं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "काका, तुमच्या ठाण्यात असायचं का कुणी, हात वर न करणारं?"

मला एकही नाव आठवेना. तिथे मी बोललो की सगळे 'होय साहेब' म्हणत, आणि त्यालाच मी खात्री समजत होतो. किती केसेसमध्ये मी फक्त संशयितालाच प्रश्न विचारले, हे आज मलाही सांगता येत नाही.