काकीचा बसवलेला दात

काकीच्या तोंडातला सगळ्यांत देखणा दात खोटा होता. वरच्या ओळीतला, अगदी पुढचा. बाकीचे मिश्रीने काळवंडलेले, एकमेकांना खेटून वाकडेतिकडे उभे, आणि त्यांच्यात हा एक पांढराफेक. डहाणूच्या डॉक्टरबाई शेजारच्या दातांशी रंग जुळवून देणार होत्या, पण आमचे काका म्हणाले, "छे, पांढराच बसवा. बसवलाय तर दिसला पाहिजे." दात काकीचा, तोंड काकीचं, पण तिला कुणी काही विचारलं नाही.

दात न्हाणीत पडून तुटला, असं घरात सांगत. न्हाणी म्हणे! डहाणूहून आत कासा, त्याच्या पलीकडे आमचं गाव, तिथल्या आमच्या घराची न्हाणी म्हणजे मागच्या दारी टाकलेला एक खरखरीत दगड. त्यावर मेलं कोण घसरतंय? भाकर करपली म्हणून काकांनी पितळी तांब्या फेकून मारला होता. मी तेव्हा शाळेसाठी त्यांच्याकडेच राहायचे. काकीची एकुलती एक मुलगी वंदू माझ्याहून लहान. आम्ही दोघी चुलीपाशीच बसलो होतो. शेजारपाजारच्यांनीही आवाज ऐकला होता, गावात कुणालाच काही नवं नव्हतं. तरी सगळे "न्हाणीत पडली" म्हणायचे आणि वर जोडायचे, "पण नवऱ्याने लगेच डहाणूला नेऊन दात बसवून दिला हो!" अस्सा संताप यायचा मला. मारायचं ते मारायचं आणि वरून शाबासकीही घ्यायची.

दात अर्धा तुटला होता, मूळ जागेवर होतं. डॉक्टरबाईंनी आतली नस काढली, उरलेला दात घासून लहान केला आणि त्यावर कॅप बसवली. काकी तिला टोपी म्हणायची. "किती वर्षं टिकेल ओ ही टोपी?" तिने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सांभाळलीत तर दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त. टोपीला कीड लागत नाही, पण आत तुमचाच दात आहे, त्याला लागते. कड हिरडीला टेकते ना, तिथून सुरुवात होते. बसवला म्हणजे संपलं असं समजू नका." काकी मान डोलवत ऐकत राहिली. परत येताना जीपमध्ये मला म्हणाली, "खालचा मेलाय, पण वरच्याला कळू द्यायचं नाही. जमेल मला. सवय आहे."

आणि जमवलं तिने. मिश्री त्या दिवशीच सुटली. मऊ ब्रश आला. सकाळी आणि रात्री जेवणानंतर ती मागच्या दारी उकिडवी बसून हिरडीच्या कडेकडेने हळूहळू ब्रश फिरवायची. काका ओसरीवरून ओरडायचे, "देव पुजतेस का दात घासतेस?" ती चूळ भरून पुन्हा घासायला लागायची. दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा मी डहाणूच्या मेडिकलमधून आणून द्यायचे. तो टोपीपाशी खाली ओढायचा नाही, बाजूने अलगद काढून घ्यायचा, हे तिने डॉक्टरबाईंकडून असं घोटून घेतलं की पुढे मलाच शिकवायला लागली. "ओढलास तर टोपी हलते, बाय. ओढायचं कशाला? हळूच सुटायचं."

चिंबोऱ्या तिचा जीव की प्राण. पावसात शेताच्या बांधाला सापडणारे हे खेकडे आमच्याकडे नांगी दाताखाली फोडूनच खातात, नाहीतर खाल्ल्यासारखं वाटत नाही. काकीने ते सोडलं. पाट्यावर वरवंट्याने नांग्या ठेचायची आणि आतलं मांस बोटाने काढून मागच्या दाढांनी खायची. सुपारी सोडली, ऊस सोडला, शिवताना दोरा दाताने तोडणं सोडलं. वंदूने एकदा बाटलीचं झाकण दातांनी उघडलं तर फाडकन तिच्या हातावर मारलं. "देवाने दिलेत ते जप, गं! एकदा गेले की नुसती सोंगं उरतात." वंदूसाठी तिचा जीव असा तुटायचा. आपलं झालं ते झालं, पोरीचं तसं होऊ नये, एवढं एकच मागणं होतं तिचं.

दर सहा महिन्यांनी दात दाखवायला या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. काका कुरकुरायचे, पण ते काम तिने कधी चुकवलं नाही. मी तोवर डहाणूत नोकरीला लागले होते. ती कासाहून जीप पकडून यायची, दात दाखवायची, मग आम्ही समुद्रावर जाऊन बसायचो. तेवढाच दिवस तिचा. एकदा डॉक्टरबाईंनी तिचे झिजलेले दात पाहून विचारलं, "झोपेत दात खाता का?" काकी म्हणाली, "झोपेतच खाते. जागेपणी कुठे मुभा आहे?" डॉक्टरबाई हसल्या. रात्री घालून झोपायला त्यांनी दातांवर बसणारी एक पट्टी करून दिली. काकांनी ती पाहिली आणि घोड्याचा लगाम म्हणून गावभर खिदळत फिरले.

वंदूचं लग्न तलासरीत झालं. माणसं नावाजलेली, जावई कंपनीत कामाला. वर्ष उलटलं नाही तोच पोरगी सुजलेला हात घेऊन माहेरी आली. काकांनी तिला परत नेऊन सोडलं. काकीही म्हणाली, "सांभाळून घे, बाय." पुन्हा आली, पुन्हा सोडली. दर खेपेला काकी माझ्याकडे यायची आणि समुद्राकडे बघत बसायची. मी भांडायचे तिच्याशी. "तू हिला काय शिकवतेस, काकी?" ती म्हणायची, "मला येतं तेच."

मग एका दुपारी टोपी निघाली. चिंबोरी नाही, सुपारी नाही, साधा मऊ भात खाताना हातात आली. रुमालात बांधून ती डहाणूला आली. डॉक्टरबाईंनी दाताचा फोटो काढला आणि मान हलवली. आतला दात कुजला होता, मूळ उभं चिरलं होतं. टोपी परत बसवून उपयोग नव्हता, दात काढावाच लागणार होता.

"मी इतकी जपली, तरी?" काकीने विचारलं. इतका दुखावलेला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"जपलीत म्हणून तर पंधरा वर्षं निघाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मुळाला बारीक तडा तेव्हाच गेला असेल. लागलंच तसं होतं."

"न्हाणीत पडले होते."

डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ बाया न्हाणीतच पडतात."

काकीने रुमालाची गाठ पुन्हा बांधली. मग डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं. मोकळ्या जागी दात बसवायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासून लहान करायचे आणि तिन्हींवर मिळून एक जोडटोपी घालायची. नाहीतर हाडात स्क्रू बसवायचा. काकी म्हणाली, "दोन धडधाकट दात झिजवायचे? या एकापायी? नको. काढा आणि राहू द्या मोकळं."

पुढच्याच आठवड्यात आमच्या घरी बैठक होती. वंदू पुन्हा आली होती, आणि तलासरीचे पाहुणे तिला न्यायला येणार होते. आमच्याकडचे वडीलधारेही बोलावले होते. काका काकीला म्हणाले, "हे खिंडार घेऊन पाहुण्यांसमोर येऊ नकोस. आतच बस."

मी वंदूजवळ दाराआड उभी होते. बाहेर जावयाचा मामा मोठ्या समजुतीने बोलत होता. "संसारात भांड्याला भांडं लागायचंच. मुलगी शहाणी आहे. पाठवा." आमचे वडीलधारे माना डोलवत होते. काका म्हणाले, "उद्याच आणून सोडतो."

काकी चहा घेऊन बाहेर गेली. चहा ठेवला आणि पुरुषांच्या सतरंजीवरच खाली बसली. "वंदू जाणार नाही," ती म्हणाली.

काका उठले. "आत जा."

"मी न्हाणीत पडले नव्हते." मोकळ्या जागेतून वारा जाऊन तिचे शब्द फसफसत होते, पण ऐकू सगळ्यांना येत होते. "ह्यांनी तांब्या मारला होता. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी वरून झाकलं, घासलं, पुसलं, पंधरा वर्षं टिकवलं. आत कुजायचं ते कुजलंच. हेच मी पोरीला शिकवत होते. आता नाही शिकवणार. ती जाणार नाही."

"दात काढताना इंजेक्शन डोक्यात गेलंय हिच्या," काका पाहुण्यांकडे बघून म्हणाले. हसलं कोणीच नाही, पण तिच्या बाजूने शब्दही कोणी काढला नाही. चहा तसाच निवला, पाहुणे उठले.

त्याच संध्याकाळी वंदू माझ्याबरोबर डहाणूला आली. आता घोलवडला चिकू पॅकिंगचं काम करते, स्वतःचं भागवते. काकीला येता आलं नाही. "गुरं आहेत, शेत आहे," म्हणाली. काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवरचं जेवत, पण शब्द म्हणून नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत भर चिखलात राबताना तिला ताप भरला, आणि त्या तापातच गेली. मी पोचले तेव्हा तिचं तोंड थोडं उघडं होतं, आणि भावकीतल्या बायका पदर टाकून ते झाकायची घाई करत होत्या.

तेराव्याला काकांनी तिचा मोठा फोटो करून आणला. फोटो वंदूच्या मोबाईलमधला, दात काढल्यावर एकदा आम्हाला भेटायला आली तेव्हाचा, समुद्रावर हसतानाचा. स्टुडिओवाल्याला सांगून त्यातली मोकळी जागा भरून घेतली होती. पांढराशुभ्र दात, वरची हिरडी गुलाबी. असा दात जन्मात कधी पडायचा नाही.

ओसरीवर पंगत बसली होती. बैठकीला आलेले तेच वडीलधारे पहिल्या पंगतीत होते. एक म्हणाले, "सोशीक बाई. कधी तोंड उघडून बोलली नाही हो." दुसऱ्यांनी हुंकार भरला.

वंदू भात वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

"बोलली होती," ती म्हणाली. "इथेच बोलली होती. तुम्ही सगळे होतात."

पानावरून कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने एकाने आमटी मागितली.