एक नंबरच्या दोन पावत्या

बी.ए.चं पहिलंच वर्ष झालेल्या माणसाने असं काही लिहायला घेणं हा आगाऊपणा आहे. त्याची आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे चुका दाखवणारंही घरात कोणी नाही.

सुट्टीत मी शाहपूरच्या तहसील ऑफिसात टेम्पररी क्लार्क होतो. शेजारचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. जुन्या हद्दीवरच्या डोंगरात भिल्लांच्या दोन सशस्त्र टोळ्या होत्या, एक गुमान नाईकाची, दुसरी रेमला नाईकाची. हद्द पुसली, वैर राहिलं. सरकारी हुकमावरून दोघे आपापल्या टोळीसह शाहपुरात बंदुका जमा करायला आले आणि मैदानाच्या दोन टोकांना बसून राहिले. आधी देणारा रिकाम्या हातांनी दुसऱ्यासमोर उभा राहणार होता.

तहसीलदारसाहेबांनी मला गुमानकडे पाठवलं. म्हातारा विडी ओढत होता.

"मुनशीजी, त्याला सांगा, मी निहत्थ्यावर, रिकाम्या हाताच्या माणसावर, गोळी नाही चालवणार. चालवली तर बायको मला भाकर नाही देणार."

रेमलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "भाकर तर ती आताही नाही देत त्याला. पहले तो ठेवेल."

मग मी भीतभीत उपाय सुचवला. दोन टेबलं मांडायची आणि शिट्टी वाजली की दोघांनी एकदमच बंदुका ठेवायच्या. फक्त पावतीच्या नंबरचा प्रश्न राहिला; टोळीमागे एकच पावती द्यायची होती. दोन नंबर कोणालाच नको होता. म्हणून मी दोन पावतीबुकं केली, दोन्ही एकपासून सुरू होणारी. संध्याकाळच्या आत सगळ्या बंदुका जमा झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

महिन्याने वरच्या ऑफिसातून कागद आला. ऑफिसच्या हिशेबाने वस्तूची ओळख म्हणजे पावतीचा नंबर. एकाच नंबरच्या दोन पावत्या असतील तर एक खोटी. रेमलाची पावती रद्द झाली होती. त्याच्या बंदुका परत करून नियमाप्रमाणे पुन्हा जमा करून घ्याव्यात, असं लिहिलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, गुमान आता निहत्था आहे."

"ऑर्डरमध्ये तसं लिहिलंय?"

"नाही."

"मग परत कर."

रेमला बंदुका घेऊन गेला, तो पुन्हा जमा करायला आला नाही. गुमानला कोणी मारलं तर ते माझ्या पावतीने मारलेलं असणार होतं. मी रोज ऑफिसच्या जमादाराला गुमानची खबर विचारायचो. शेवटी एका बाजाराच्या दिवशी इतवारा पेठेत तोच मला शोधत आला.

"रेमला गेला होता गुमानच्या घरी, बंदुका घेऊन," तो म्हणाला. "निहत्थ्याशी लढायला त्यालाही लाज वाटली. अर्ध्या बंदुका गुमानला दिल्या. म्हातारीने दोघांना भाकर वाढली. आता टोळी एकच आहे, मुनशीजी. आणि दोघेही म्हणतात, बंदुका जमा नाही करणार."