वासरीच्या शेणाचा वास

गाईला पान लागलं, म्हणजे साप डसला, आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. मागे राहिली तिची वासरी. नाळसुद्धा पुरती वाळली नव्हती तिची. वडनेरला आमच्या कोठ्यात तेव्हा ती एकच गाय होती. शेजारच्या गाईचं दूध बाटलीनं पाजायचं ठरलं, ते काम मी अंगावर घेतलं आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन म्हणून राहिली नाही.

दूधपित्या वासराचं शेण पिवळं, चिकट असतं आणि त्याला नासक्या दह्यासारखा आंबूस वास येतो. असल्या शेणानं आमच्याकडे कोणी सारवत नाही. वासरू चारा खाऊ लागलं, रवंथ करू लागलं, की तो आंबूसपणा हळूहळू जातो आणि गवताचा वास यायला लागतो. पुढे मोठ्या गाईसारखा जड वास येतो, ते नंतरचं. मला फक्त तो आंबूसपणा जायला हवा होता. तो गेला म्हणजे वासरी जगली. स्वयंपाक अर्धा टाकून मी कोठ्यात जायची, शेण बोटावर घेऊन हुंगायची. नवरा म्हणायचा, "तुले येड लागलं का वं?" लागलंच होतं म्हणा.

एक दिवस वास एकदम बिघडला. सडका, नाकात घुसणारा. शेण कसलं, पाणीच होतं ते. वासरी मान टाकून पडलेली आणि घमेल्यात भिजवलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड. आमच्या कपाशीच्या मुलखात जनावराला ताकद यावी म्हणून पहिली आठवते ती ढेप. पण दूधपित्या पोटाला ती कशी पचावी?

"आई, ढेप तुमी देल्ली?" मी सासूबाईंना विचारलं.

"हो. शेण हिरवट दिसलं. म्हटलं, लागली चाऱ्याले."

"दिसलं? अन् वास नाई घेतला? एवढी जनावरं वाढवली तुमी!"

त्यांनी ते घमेलं उचलून बाहेर नेलं. माझ्या तोंडाचा पट्टा मात्र थांबेना.

जनावरांच्या डॉक्टरनं सुई टोचली, मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. मी कापूस वेचायला जायची, पण वावरातही तोच वास नाकात. ओटी अर्धी भरली की घराकडे पळायची. सासूबाई आता कोठ्यात पाऊल टाकत नव्हत्या. दाराशी उभ्या राहून माझं तोंड पाहायच्या.

पुढे वासरी गवताला तोंड लावू लागली आणि एका सकाळी शेण घट्ट पडलं. हुंगलं, पुन्हा हुंगलं. आंबूसपणा नव्हताच. तसंच बाहेर येऊन मी ते सासूबाईंसमोर धरलं. त्यांनी ते तळव्यावर घेतलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"कसा येऊन राह्यला?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय कसा?"

"वास. मले नाई येत वं. त्या कोरोनाच्या तापापासून कशाचाच नाई येत."

म्हणजे इतकी वर्षं या बाई आमच्या घरच्या फोडण्या नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी देत होत्या.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं, तं तुनं मले कोठ्यात पाय ठिऊ देल्ला असता काय?"

'देल्ला असता' म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं मला बोलवेना.