हकीमच्या मनात काय होतं

‘हकीमनं त्याच रात्री मनाशी ठरवलं, की आबाला केजला पोचू द्यायचं नाही.’

या वाक्याखाली मी लाल रेघ मारली आणि आबासाहेबांकडे पाहिलं. ते आमच्या ऑफिसात पंख्याखालची खुर्ची धरून बसले होते आणि बशीत चहा ओतत होते.

“आबा, हे तुम्हाला कसं कळलं?”

“काय कसं?”

“हकीमनं मनाशी ठरवलं ते.”

“साऱ्या नांदूरघाटाला ठावं हाय, ताई.”

मी बीडच्या एका छोट्या प्रकाशनात संपादक आहे. कथा-कादंबऱ्या आमच्याकडे कमी येतात. जास्त येतात आत्मचरित्रं. कुणाची पंच्याहत्तरी असते, कुणाची निवृत्ती. माणूस बोलतो, मी मोबाइलवर रेकॉर्ड करते, टाइप करते, भाषा नीट करते आणि पुस्तक प्रेसला जातं. नांदूरघाटचे आबासाहेब हे पंचायत समितीचे माजी सभापती. पंच्याहत्तरीचा हॉल बुक झाला होता, पत्रिका छापून वाटल्या होत्या. पुस्तक तेवढं राहिलं होतं.

हकीम म्हणजे आबांचा लहानपणापासूनचा दोस्त. गावातला गाड्या दुरुस्त करणारा मिस्तरी आणि निवडणुकीच्या दिवसांत आबांच्या जीपचा ड्रायव्हर. तरुणपणी आबा जिल्हा परिषदेला उभे राहणार होते. शेवटच्या दिवशी अर्ज भरायला निघाले आणि वाटेतल्या चढावर जीप बंद पडली. तीनच्या आत केजच्या तहसीलला पोचायचं होतं, ते पोचले नाहीत. हकीमला विरोधकांनी फोडला, अशी गावात बोलवा झाली. आबांनी ती खरी मानली आणि हकीमशी बोलणं टाकलं. हकीमभाईंनी मग गावच सोडलं आणि वडवणीला गॅरेज टाकलं.

आमचे मालक देशमाने सर यांनी ते पान वाचलं.

“हा हकीम हयात आहे का?”

“आहे. वडवणीला.”

“मग आपण मेलो. मानहानीचा दावा लागला तर प्रेस विकावी लागेल. तो भाग काढ.”

पण आबांना तो भाग हवाच होता. म्हणून मी त्यांना आमच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगितली. गोष्ट सांगणारा तो निवेदक. तो ‘मी’ म्हणून बोलत असेल तर त्याला आपले दोन डोळे, दोन कान आणि स्वतःचंच डोकं. दुसऱ्याच्या डोक्यात शिरायची त्याला परवानगी नाही. दुसरा प्रकार तृतीयपुरुषी, म्हणजे ‘तो गेला, ती आली’. त्यातही एक सर्वज्ञ निवेदक असतो. त्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं.

“मग मला सर्वज्ञ करा की,” आबा म्हणाले. “सभापती व्हतो मी.”

मी ते प्रकरण तृतीयपुरुषी करून दिलं. ‘आबासाहेब जीपमध्ये बसले. हकीमच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं.’ दुसऱ्या दिवशी आबा कागद घेऊन परत आले.

“ताई, हे वाचून असं वाटतंय, मी गेलो आन् मागं तुमी लिहायला बसला. पुन्हा ‘मी’ करा.”

“करते. पण मग हकीमचं मन बाहेर. तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच सांगा.”

“त्यात काय अवघड हाय? लावा तुमचं मशीन.”

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. आबा झोकात सुरू झाले. हार, गुलाल, हलगी, जीपच्या टपापर्यंत माणसं. मग गाडी चढाला लागली.

“तिथं त्यानं मुद्दाम...”

“मुद्दाम नको, आबा. दिसलं काय?”

“इंजिन ओरडत व्हतं, पण गाडी पुढं सरकंना. जळका वास आला. बुडातून धूर निघाला. हकीम उतरला, खाली शिरला. बाहेर आला तर कोपर भाजलेलं.”

“मग?”

“मग म्हणला, आबा तू सावलीला बस, मी टेम्पो घिऊन येतो. आन् पळत सुटला. मी म्हणलं, चप्पल तर घाल. ती गाडीखालीच राहिली व्हती. लई ऊन व्हतं त्या दिवशी.”

“आला का परत?”

“आला. टेम्पो घिऊन आला. पर तवर टाइम निघून गेलता.”

मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. आमच्या कामात गप्प बसणं हे अर्धं काम असतं. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

“निघताना त्यो एक वाक्य बोलला व्हता,” ते म्हणाले. “माणसं कमी घे, म्हणला व्हता. मी म्हणलं, माणसं दिसली पायजेत.”

“हे पुस्तकात नव्हतं.”

“आठवलंच नव्हतं. ध्यानात कसं राहील? मला त्याच्या मनातलं लिहायचं व्हतं ना.”

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “वडवणीला आत्ता निघालं तर?”

त्यांच्याच गाडीतून आम्ही गेलो. गॅरेज आता हकीमभाईंची मुलं चालवतात. हकीमभाई शेडबाहेर खाटेवर बसले होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी आबांना ओळखलं, पण उठले नाहीत.

“बसा. तुमी कसं काय वाट चुकलात?”

हे ‘तुमी’ आबांना लागलं. एकाच ओढ्यात पोहायला शिकलेली माणसं ही. आबा खाटेच्या काठावर बसले.

“हकीम, एकच विचारायला आलोय. त्या दिवशी गाडीला काय झालतं?”

“कमाल हाय. एवढ्या वर्षांनी विचारता? क्लचप्लेट जळली. आदल्या दिवशीच झिजलेली व्हती. चढाला गाडी ओढणार न्हाई, दुसरी गाडी बघा, असं मी सांगितलं व्हतं.”

“मला न्हाई सांगितलं.”

“दादांना सांगितलं. तुमच्या वाड्यात मालक ते व्हते. ते म्हणले, आबाला सांगतो.”

दादा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

आबा खालच्या आवाजात म्हणाले, “दादानं मला काहीच सांगितलं न्हाई.”

आता हकीमभाई त्यांच्याकडे बघत राहिले. “मी आजवर समजत व्हतो, तुला समदं ठावं हाय. भावाचं नाव नको यायला म्हणून माझ्यावर ढकललं. म्हणलं, जाऊ दे. आबाचं मन एवढंच.”

दोघांनीही एकमेकांच्या मनातलं परस्पर ठरवून टाकलं होतं आणि त्यावर अर्धं आयुष्य काढलं होतं. हकीमभाईंनी आतल्या मुलाला चहा सांगितला. मी उठून आबांच्या गाडीजवळ जाऊन उभी राहिले. चहा संपवून गप्पा आटोपायला त्यांना बराच वेळ लागला.

परतीच्या वाटेवर आबा म्हणाले, “आता खरं लिहा. दादाला स्वतःलाच उभं राहायचं व्हतं. त्याच्या पोटात दुखत व्हतं.”

“आबा.”

“बरं बरं. पर मग लिहायचं काय? त्याला इसर पडला का मुद्दाम केलं, विचारणार कुणाला?”

“मग तेच लिहू.”

त्या प्रकरणाचे आम्ही दोन भाग केले. पहिल्यात आबांचा ‘मी’, दुसऱ्यात हकीमभाईंचा ‘मी’. आबांच्या भागाचं शेवटचं वाक्य असं झालं: ‘दादानं मला का सांगितलं नाही, हे मला माहीत नाही.’

देशमाने सरांना ते रुचलं नाही. “एवढा मोठा माणूस, आणि माहीत नाही असं छापायचं?”

“छापा,” आबा म्हणाले. “पुस्तकात तेवढंच एक वाक्य मी छातीवर हात ठिऊन सांगू शकतो.”

छापण्याआधी मी हकीमभाईंचा भाग त्यांना वाचून दाखवायला गेले. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली.

“मी अनवाणी पळत गेलो, हे माझ्या भागातून काढा.”

“का? खरंच आहे ते.”

“खरं हाय. पण आबाच्या भागात हाय ना, तिथं राहू द्या. त्यानं सांगितलं तर गवाही हुते. मी सांगितलं तर बढाई.”

साहित्याची पदवी घेताना निवेदकाच्या दृष्टिकोनावर मी वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ही बाब त्यात नव्हती.

प्रकाशन सोहळा वेळेवर झाला. पाहुणे पुस्तक सोडून बाकी सगळ्यावर बोलले. जेवणाच्या पंगतीत हकीमभाई आबांच्या शेजारी बसले होते. क्लचचा विषय पुन्हा निघाला आणि चूक कुणाची यावर दोघं चढ्या आवाजात भांडले. दावा कुणी लावला नाही. आबांच्या घरात मात्र दादांच्या मुलांनी काही दिवस अबोला धरला. ते कशामुळे, हे मी विचारलं नाही, त्यामुळे सांगूही शकत नाही.

तेव्हापासून एखाद्या आत्मचरित्रात ‘त्याच्या मनात आलं’ असं दिसलं की मी पेन खाली ठेवते आणि आधी विचारते, हा माणूस राहतो कुठं आणि तिकडं जायला एसटी किती वाजता आहे.